घटक ४ : ॲनालॉग दूरचित्रवाणी – तांत्रिक मानके आणि त्यांमागील संकेत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• तांत्रिक मानक ही संकल्पना भाषेतील संकेताच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• भारताने स्वीकारलेल्या ६२५ ओळींच्या मानकातील मुख्य घटक सांगता येतील.
• डोंगराळ प्रदेशात चित्र अस्पष्ट किंवा दुहेरी का दिसे, याची कारणमीमांसा करता येईल.
• रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावरही कृष्णधवल संच निरुपयोगी का ठरले नाहीत, हे सांगता येईल.
• दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी देवनागरी मजकूर तयार करताना पाळावयाच्या पथ्यांमागील कारणे समजून घेता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दूरचित्रवाणीसाठी लिहिल्या जाणाऱ्या संहितेचे स्वरूप पाहिले. संहिता लेखकाच्या टेबलावरून प्रेक्षकाच्या घरापर्यंत पोहोचते ती एका तांत्रिक व्यवस्थेतून. ती व्यवस्था अभियंत्यांनी पाहावी, लेखकाने तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असा एक समज आहे. परंतु पडद्यावर किती अक्षरे मावतील, कोणता रंग उठून दिसेल, चित्रपटाचा कालावधी किती भरेल, हे सारे त्या व्यवस्थेने आधीच ठरवलेले असते.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. या घटकात देहूरोड हे गाव आपण उदाहरणादाखल घेणार आहोत. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील आणि पुणे-लोणावळा लोहमार्गावरील ही लष्करी छावणीची वस्ती. वरळीच्या मनोऱ्यापासून ती सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर दूर असून मध्ये सह्याद्रीची भिंत आहे. सिंहगड मात्र दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. म्हणजे येथील प्रेक्षकाला मुंबईचा कार्यक्रम सिंहगडाच्या मार्फतच मिळणार होता.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मानक म्हणजे पूर्वसंकेत

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आपण पाहिले आहे की, शब्द आणि अर्थ यांचे नाते नैसर्गिक नसून सांकेतिक असते. बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एकच संकेत मानला असेल तरच संवाद घडतो. दूरचित्रवाणीचे तांत्रिक मानक हा असाच संकेत आहे. प्रक्षेपक एका सेकंदात किती चित्रे पाठवील, प्रत्येक चित्र किती ओळींत मांडील, आवाज चित्रापासून किती अंतरावर ठेवील, हे दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेले असावे लागते.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा. संभाषणात ऐकणारा ‘कळले नाही’ असे म्हणू शकतो आणि बोलणारा पुन्हा समजावून सांगतो. प्रक्षेपणात ही सोय नाही. देहूरोडच्या घरातील संच सिंहगडाला काहीही विचारू शकत नाही. त्यामुळे येथील संकेत शब्दशः काटेकोर असावा लागतो.

जगात हा संकेत एकच नव्हता. अमेरिकेत ५२५ ओळी आणि सेकंदाला ३० चित्रे अशी पद्धत रूढ झाली. ब्रिटनने १९३६ मध्ये ४०५ ओळींनी आरंभ केला, तर फ्रान्सने पुढे ८१९ ओळींची पद्धत वापरली. १९६१ च्या स्टॉकहोम परिषदेत निरनिराळ्या प्रक्षेपण पद्धतींना रोमन अक्षरांची नावे देण्यात आली. भारताने त्यांपैकी ६२५ ओळींची ‘बी’ पद्धत अवलंबिली. आरंभ लवकर केल्याची किंमत ब्रिटनला मोजावी लागली. नवी ६२५ ओळींची सेवा सुरू झाल्यावरही जुन्या संचांसाठी ४०५ ओळींचे प्रक्षेपण तेथे १९८५ पर्यंत चालवावे लागले. भारत उशिरा आला म्हणून या दुहेरी खर्चातून वाचला.

४.२.२ चित्राचे ओळींत रूपांतर

आपण पुस्तकाचे पान डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ असे वाचतो. कॅमेरा दृश्याचे आणि चित्रनलिका पडद्याचे ‘वाचन’ याच रीतीने करते. या क्रियेस क्रमवीक्षण म्हणतात. ६२५ ओळींपैकी सुमारे ५७५ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या असतात. उरलेल्या ओळींच्या काळात शलाका तळापासून पुन्हा माथ्यावर येते.

सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रात ६२५ ओळी, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. यावरून एका ओळीस ६४ मायक्रोसेकंद मिळतात. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) त्यातील सुमारे ५२ मायक्रोसेकंद चित्रासाठी वापरले जातात. बाकीच्या १२ मायक्रोसेकंदांत शलाका डाव्या कडेला परतते आणि ‘आता नवी ओळ सुरू’ असे सांगणारा समकालन स्पंद पाठवला जातो. हा स्पंद म्हणजे या भाषेतील विरामचिन्हच होय. तो नीट ओळखता आला नाही, तर चित्र तिरके फाटते किंवा वर-खाली फिरू लागते. जुन्या संचांवर ‘व्हर्टिकल होल्ड’ नावाची खुंटी असे, ती यासाठीच.

सेकंदाला केवळ २५ वेळा पडदा उजळला तर तो लुकलुकताना जाणवतो. म्हणून आधी विषम क्रमांकाच्या आणि मग सम क्रमांकाच्या ओळी रेखाटण्याची युक्ती योजण्यात आली. प्रत्येक अर्धचित्रात ३१२½ ओळी येतात आणि पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो. ५० हा आकडाही सहज निवडलेला नाही. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. दोन्ही आकडे जुळल्यामुळे विजेच्या पुरवठ्यातून चित्रात शिरणारे आडवे पट्टे पडद्यावर वेगाने सरकत नाहीत. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्याने तेथील चित्रांची संख्या ३० ठरली.

याचा एक परिणाम चित्रपटांवरही झाला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतला जातो. २५ चित्रांच्या देशांत तो सर्वसाधारणपणे किंचित वेगाने चालवूनच दाखवला जाई. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याचा स्वर थोडा चढा लागतो.

४.२.३ सात मेगाहर्ट्झची जागा

दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. सेकंदाला दहा लाख कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ‘बी’ पद्धतीत प्रत्येक वाहिनीस ७ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा दिलेली आहे. चित्राच्या बारकाव्यांसाठी ५ मेगाहर्ट्झ लागतात. वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंस तेच बारकावे उमटत असल्याने खरे तर १० मेगाहर्ट्झ लागले असते. ही पुनरुक्ती टाळण्यासाठी खालची बाजू छाटून तिचा केवळ ०.७५ मेगाहर्ट्झचा अंश ठेवला जातो. चित्राची वाहक लहर वाहिनीच्या खालच्या कडेपासून १.२५ मेगाहर्ट्झवर असते आणि आवाजाची वाहक लहर तिच्यापासून ५.५ मेगाहर्ट्झ वर असते.

हे ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर संकेताचे उत्तम उदाहरण आहे. ब्रिटनच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत ते ६ मेगाहर्ट्झ, तर चीनच्या पद्धतीत ६.५ मेगाहर्ट्झ आहे. केवळ चिनी पद्धतीसाठी बनवलेल्या संचावर आपल्याकडील चित्र दिसले, तरी आवाज येणार नाही. ओळी जुळल्या, चित्रांची संख्या जुळली, पण एक आकडा जुळला नाही आणि संच मुका झाला.

जागा मर्यादित असल्याने वाटपही काटकसरीने करावे लागते. १७४ ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ७ मेगाहर्ट्झच्या आठच वाहिन्या मावतात. लगतच्या दोन केंद्रांना एकच वाहिनी दिली, तर मधल्या गावांत दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात.

‘बी’ पद्धतीची आणखी एक निवड देहूरोडसारख्या महामार्गावरील वस्तीस उपकारक ठरली. या पद्धतीत चित्राचा काळा भाग अधिक शक्तीने आणि पांढरा भाग कमी शक्तीने पाठवला जातो. सर्वाधिक शक्ती समकालन स्पंदास दिलेली असते. पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगीमुळे हवेत विद्युत गोंगाट होतो. तो संदेशात मिसळला की शक्ती क्षणभर वाढते आणि पडद्यावर काळा ठिपका उमटतो. निवड उलटी असती, तर पांढरे चमकते ठिपके उमटले असते आणि ते डोळ्यांस अधिक खुपले असते. तसेच, चित्रात मुंग्या आल्या तरी बळकट समकालन स्पंदामुळे ते जागेवर उभे राहते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) एका ओळीस ६४ मायक्रोसेकंद मिळतात, हे गणिताने दाखवा.
आ) समकालन स्पंदाची तुलना विरामचिन्हाशी का केली आहे?

४.२.४ सिंहगड ते देहूरोड : लहरीचा प्रवास

या कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता आणि डोंगर त्यांना अडवतात, म्हणून प्रक्षेपक उंचावर ठेवावा लागतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे, तर पुण्याचे पठार सुमारे ५६० मीटर. मोकळ्या प्रदेशात लहरीचा पल्ला काढण्याचा ढोबळ नियम असा : उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळास ४.१२ ने गुणावे, उत्तर किलोमीटरमध्ये येते. ७४० मीटर उंचीसाठी हे उत्तर सुमारे ११२ किलोमीटर येते. या हिशेबाने देहूरोडच काय, लोणावळाही पल्ल्यात येते.

परंतु मावळ हा मोकळा प्रदेश नाही. लोणावळ्याहून सिंहगड आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि दोहोंमध्ये पवन मावळातील डोंगररांगा आहेत. डोंगराच्या आडोशाच्या गावास केवळ वळून आलेली क्षीण लहर मिळते. नकाशावरचे अंतर आणि लहरीचे अंतर यांत असा फरक पडतो. एकाच गावात माळावरच्या घरी चित्र स्वच्छ आणि ओढ्याकाठच्या घरी मुंग्याच मुंग्या, याचे कारण संचाच्या किमतीत नसून जमिनीच्या उंचसखलपणात असे.

छपरावरील ॲन्टेनाची दिशाही यावरून ठरे. देहूरोडला ॲन्टेनाचे तोंड दक्षिणेकडे, लोणावळ्याला आग्नेयेकडे, तर पुण्याच्या शिवाजीनगरात नैर्ऋत्येकडे. ॲन्टेनाच्या आडव्या कांड्यांची लांबी लहरलांबीच्या साधारण निम्मी असते. १७५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ८६ सेंटीमीटर येते, तर ६२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २.४ मीटर.

मावळात आणखी एक अडचण संभवते. थेट लहरीबरोबरच डोंगरावर आपटून परतलेली लहरही घरात येते आणि मूळ चित्राच्या उजवीकडे त्याची फिकट सावली उमटते. ही सावली किती अंतरावर पडेल, हे मानकातील आकड्यांवरून काढता येते. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. समजा, एखाद्या घराच्या मागे, सिंहगडाच्या विरुद्ध दिशेस, दीड किलोमीटरवर डोंगराचा कडा आहे. परावर्तित लहरीस जाऊन-येऊन ३ किलोमीटर अधिक अंतर पडते, म्हणजे ती १० मायक्रोसेकंद उशिरा येते. २० इंची पडद्याची रुंदी सुमारे ४० सेंटीमीटर असते आणि ती शलाका ५२ मायक्रोसेकंदांत पार करते. म्हणून १० मायक्रोसेकंदांचा उशीर पडद्यावर सुमारे ७.७ सेंटीमीटर भरतो. सावलीचे अंतर मोजून डोंगराचे अंतर सांगता यावे, इतका हा हिशेब सरळ आहे.

छावणीच्या वस्तीत मानकाचे आणखी एक मोल ध्यानात येते. येथील पुष्कळ कुटुंबे बदलीच्या नोकरीतील. देहूरोडला घेतलेला संच श्रीनगरला किंवा अमृतसरला नेला, तरी तेथील वाहिनी लावताच तो चाले, कारण सर्व देशाने एकच मानक स्वीकारले होते. एवढेच नव्हे, अमृतसरच्या घरांत लाहोरचे प्रक्षेपणही दिसत असे. पाकिस्तानचे मानकही तेच होते.

४.२.५ रंग : जुन्या संचाशी पाळलेला करार

भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी सुरू झाले. त्या वेळी घरोघरी होते ते कृष्णधवल संच. अनेक कुटुंबांनी काटकसर करून ते घेतले होते. रंगीत प्रक्षेपणाचा संकेत सर्वस्वी नवा असता, तर हे संच एका दिवसात भंगारात गेले असते.

तसे घडले नाही, याचे कारण रंग पाठवण्याच्या रीतीत आहे. लाल, हिरवा व निळा असे तीन स्वतंत्र संदेश न पाठवता आधी दीप्तीचा, म्हणजे प्रकाशाच्या कमी-अधिकपणाचा संदेश पाठवला जातो. तो लालाचे ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन तयार होतो, कारण आपला डोळा हिरव्यास सर्वांत अधिक प्रतिसाद देतो. जुना संच नेमका हाच संदेश वाचतो. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर त्याच ५ मेगाहर्ट्झमध्ये बसवली जाते. नव्याने जागा मागितली जात नाही आणि जुन्या संचाच्या वाचनात फारसा व्यत्यय येत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट परिचित वाटावी. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नियम सुधारले गेले आणि अनुच्चारित अनुस्वार वगळण्यात आले. तरीही जुन्या वळणाच्या वाचकास नवी पुस्तके वाचता आली आणि नव्या वाचकास जुनी. उत्तम सुधारणा कालच्या वाचकास निरक्षर करीत नाही.

भारताने स्वीकारलेली रंगपद्धत ‘पाल’ या नावाने ओळखली जाते. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीचे अभियंते वाल्टर ब्रुख यांनी ती १९६० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. रंगाची छटा उपवाहक लहरीच्या कलेवरून, म्हणजे ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावरून ठरते. प्रवासात कला ढळली की छटा बदलते. अमेरिकी पद्धतीत म्हणूनच संचाला छटा जुळवण्याची वेगळी खुंटी लागे. ‘पाल’मध्ये रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक एका ओळीत सुलट, तर पुढच्या ओळीत उलट पाठवला जातो. एका ओळीत चूक एका बाजूस झुकली, तर पुढच्या ओळीत विरुद्ध बाजूस. संच दोन्हींची सरासरी काढतो, चूक परस्पर फिटते आणि रंग थोडा फिका झाला तरी खरा राहतो.

फ्रान्सची ‘सेकॅम’ पद्धत याहून वेगळी. केवळ ‘सेकॅम’च्या रंगाचा, पण ‘बी’ मानकाचा संच आपल्याकडे लावला, तर चित्र आणि आवाज दोन्ही मिळतात, रंग मात्र मिळत नाही. मानकात असे थर असतात, हे यावरून ध्यानात येईल.

कृष्णधवल प्रेक्षकाचे भान लेखकाला व वेशभूषाकारालाही ठेवावे लागे. भडक लाल रंगाची दीप्ती ३० टक्के आणि निम्म्या तेजाच्या हिरव्याची २९.५ टक्के. म्हणजे लाल लुगड्याचा गडद हिरवा काठ रंगीत पडद्यावर ठसठशीत दिसेल, पण कृष्णधवल पडद्यावर दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून जातील. ‘हिरव्या काठाची बाई’ अशी खूण संहितेत दिली, तर निम्म्या प्रेक्षकांना ती पटणार नाही.

४.२.६ मानक आणि देवनागरी अक्षर

एका ओळीतील ५२ मायक्रोसेकंद आणि ५ मेगाहर्ट्झ यांच्या गुणाकारातून २६० आवर्तने मिळतात. प्रत्येक आवर्तनात एक काळा व एक पांढरा असे दोन बिंदू धरले, तर आडव्या दिशेत सुमारे ५२० बिंदू होतात. छापील पानाच्या तुलनेत हे फारच तोकडे आहे. यातून देवनागरीसाठी तीन पथ्ये निघतात.

१) शिरोरेघ जाड असावी. केवळ एका ओळीच्या जाडीची आडवी रेघ दोनांपैकी एकाच अर्धचित्रात येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि लुकलुकते. रोमन लिपीत अशी सलग आडवी रेघ नाही. देवनागरीत ती प्रत्येक शब्दावर आहे. म्हणून रोमनसाठी चालणारी नाजूक अक्षरे देवनागरीस चालत नाहीत.

२) अक्षरांना खाली-वर जागा द्यावी. रफार, अनुस्वार, मात्रा, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीची ओळ उंचीने अधिक जागा घेते. दाटीवाटीत ‘कु’ आणि ‘कू’ यांतील भेद हरवतो.

३) मजकूर कडेला नेऊ नये. घरगुती संचांत चित्राच्या कडा चौकटीआड जात. म्हणून महत्त्वाचा मजकूर पडद्याच्या मधल्या चार-पंचमांश भागातच ठेवण्याची प्रथा पडली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) २० इंची संचावर मूळ चित्रापासून सुमारे ३.८ सेंटीमीटरवर सावली दिसते. मागील डोंगर किती अंतरावर असेल?
आ) कृष्णधवल संच रंगीत प्रक्षेपणातील कोणता संदेश वाचतो?

४.२.७ मानकाचा अस्त

अंकीय पद्धतीत चित्राचे अंकांत रूपांतर होते आणि सात मेगाहर्ट्झच्या जागेत एकाऐवजी अनेक कार्यक्रम मावतात. दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. केबल जाळ्यांच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ च्या मुदतीत, पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे होती. प्रसार भारतीने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

दोन पद्धतींत गुणाचा भेद आहे. ॲनालॉग चित्र दुबळ्या संदेशात हळूहळू बिघडते. मुंग्या वाढतात, सावली पडते, पण बातमी कळते. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि त्यापुढे एकदम नाहीसे होते. या वेळी १९८२ सारखा करारही नव्हता. जुन्या संचास नवा संदेश आपणहून वाचता येत नाही. त्यासाठी मध्ये दुभाष्या, म्हणजेच सेट-टॉप बॉक्स लागतो. मानक बदलणे अपरिहार्य असते. मात्र त्या बदलाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न तांत्रिक नसून सामाजिक आहे आणि माध्यमांच्या अभ्यासकाने तो विचारला पाहिजे.

४.३ सारांश

तांत्रिक मानक हा प्रक्षेपक आणि संच यांतील पूर्वसंकेत आहे. भारताच्या ‘बी’ मानकात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे, ७ मेगाहर्ट्झची वाहिनी आणि चित्र-आवाजातील ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर हे प्रमुख घटक आहेत. ‘पाल’ रंगपद्धतीने कृष्णधवल संचधारकाचा हक्क अबाधित ठेवला. सिंहगड-देहूरोडच्या उदाहरणातून भूगोल आणि मानक यांचा संबंध दिसला, तर देवनागरीच्या उदाहरणातून लिपी आणि मानक यांचा. ज्याला प्रश्न विचारता येत नाही अशा ग्राहकाची काळजी आधीच घेऊन ठेवणे, हे चांगल्या मानकाचे लक्षण होय.

४.४ पारिभाषिक शब्द

क्रमवीक्षण : चित्राचे ओळीमागून ओळ असे वाचन किंवा रेखाटन.
समकालन स्पंद : नव्या ओळीचा किंवा अर्धचित्राचा आरंभ दर्शवणारा संदेश.
वाहक लहर : चित्र किंवा आवाज वाहून नेणारी मूळ लहर.
दीप्ती : चित्रबिंदूच्या प्रकाशाचे प्रमाण.
कला : लहरीची आवर्तनातील स्थिती.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) ६२५ × २५ = १५,६२५ ओळी; १ सेकंद ÷ १५,६२५ = ६४ मायक्रोसेकंद. आ) ओळीचा आरंभ कोठे होतो हे तो दर्शवतो, तो हरवल्यास चित्राची वाक्यरचनाच कोसळते.
प्रश्न २ : अ) ३.८ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ५ मायक्रोसेकंद, म्हणजे दीड किलोमीटरचे अधिक अंतर. जाऊन-येऊन असल्याने डोंगर सुमारे ७५० मीटरवर. आ) दीप्तीचा संदेश.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘तांत्रिक मानक आणि भाषिक संकेत’ यांतील साम्य व भेद सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा.
२) १९८२ मधील रंगीत प्रक्षेपण आणि नंतरचे अंकीकरण यांची जुन्या संचधारकाच्या दृष्टीने तुलना करा.
३) उपक्रम : आपल्या गावातील ज्येष्ठ व्यक्तींना भेटून ॲन्टेना कोणत्या दिशेस लावत, चित्रात कोणते दोष दिसत आणि त्यांना स्थानिक बोलीत कोणते शब्द होते, याची नोंद करा. गावाच्या नकाशावर त्या दिशा दाखवा आणि प्रत्येक दोषाचे कारण या घटकाच्या आधारे लिहा.